जुन्या ठाण्यात कलासंग्रहालय हवे

मा. संपादक,

राणीबागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय नातीला दाखवायला नेले होते. ती मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी रमली, मी मात्र ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगवलेले छतच पाहत राहिलो. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूला मधल्या काळात पार अवकळा आली होती. मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी ‘इंटॅक’ ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ती सावरली. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. वास्तू पालिकेच्याच मालकीची, हे मुद्दाम सांगतो.

मग ठाण्यात असे का होऊ नये? चेंदणी, खारकर आळी, महागिरी, टेंभी नाका या भागांत पुनर्विकासाच्या तडाख्यातून वाचलेल्या जुन्या वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यातली एखादी कलेसाठी राखून ठेवावी. आत काय ठेवायचे, हा प्रश्नच नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. डहाणूतल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही गंजाड आपल्याच जिल्ह्यात असताना. सवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरातले चौकोनी वारली चित्र, आणि त्यातली लग्नाची देवी पालघट किती ठाणेकरांनी पाहिली असेल? आपल्याला वारली भेटते ती ओढणीवर आणि चहाच्या मगावर.

एक भीती मात्र आहे. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि खाली चकचकीत टाइल्स. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. मग दोन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. अशा भिंतीवर कागदावरचे चित्र टांगले की बुरशी आलीच. त्याला दमट हवा सोसत नाही आणि प्रखर दिवाही नाही, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे माप) आसपास मंद उजेड पुरतो. तेव्हा आधी छप्पर, पन्हळी आणि भिंती जाणकारांकडून नीट करून घ्याव्यात. फीत कापायला मान्यवर कधीही मिळतील.

चालवणार कोण, असे विचारले जाईल. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहेच की! चित्रकार, शाळांतले चित्रकला शिक्षक आणि वारली कलावंत यांची समिती करून महापालिकेने जागा व देखभालीचा खर्च द्यावा. संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असावे, नाहीतर लोकलने घरी परतणाऱ्या नोकरदाराला ते फक्त बाहेरून दिसायचे. पाट्या मराठीत असाव्यात. आणि चित्राखाली नुसते ‘वारली चित्र’ न लिहिता काढणारीचे नाव आणि तिचा पाडाही लिहावा.

– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे