त्या सिस्टर आणि मावशींचे आभार

भाताच्या आवणातली रोपं उपटताना आईच्या हाताला घोणस चावली. एका खासगी दवाखान्याने आधी पैसे भरा म्हणून परत पाठवलं. मग १०८ने पेठहून सावळघाटातून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात.

केसपेपर निघायच्या आधीच सिस्टरने काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं. नळी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. लगेच सापाची लस सुरू केली, एक रुपया न घेता. मावशींनी साबण लावून सुजलेल्या हातातल्या बांगड्या एकेक काढल्या, मोजून माझ्या रुमालात बांधून दिल्या. हा दवाखाना रात्री उघडा नसता, तर आम्ही पाड्यावरच्यांनी कुठे जायचं?

तुमची नावं विचारायची राहिली. आई बरी आहे. बांगड्या परत हातात आहेत.