दोन वर्षांत येते

ती. पप्पा आणि आई,
सप्रेम सलाम.

आई, तू पाठवलेला भविष्यवाणीचा व्हिडिओ पाहिला. अमक्या महिन्यात युद्ध, तमक्या महिन्यात भूकंप! शब्बाथ शाळेत पप्पाच आम्हाला सांगायचे ना, संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे, देवाचा निरोप्या. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला तोंडावर सांगितलं, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ त्यात भविष्य कमी, धाडस जास्त.

पण मला लिहायचंय ते यिर्मया संदेष्ट्याबद्दल. आठवडाभर बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाचे २८ आणि २९ हेच दोन अध्याय वाचतेय. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतले लोक बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेले. पुढे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या राजाची ताबेदारी पत्करा, याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जूसुद्धा मोडून टाकतो. ऐकणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया स्वतः आधी ‘आमेन’ म्हणतो, परमेश्वर असंच करो. (हे आमेन मला फार लागतं. त्यालाही तेच हवं होतं.) आणि त्याच यिर्मयाने बाबेलला पत्र धाडलं: घरं बांधून राहा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ७० वर्षं लागतील.

पप्पा, ११ वर्षं मी तुम्हाला फोनवर ‘दोन वर्षांत येते’ म्हणतेय. फसवायचं म्हणून नाही. तुमचा आवाज ऐकला की तोंडून तेच निघतं. आम्ही इथे मेलबर्नला घर घेतलंय. मागच्याच महिन्यात. सांगायचा धीर होत नव्हता.

गावची जमीन विकू का, असं तुम्ही विचारलंत. यिर्मयाचाच ३२वा अध्याय काढा. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा, हा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभावाचं अनाथोथचं शेत १७ शेकेल चांदी तोलून विकत घेतो! साक्षीदार, मोहर, सगळं रीतसर. खरेदीखत आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून.

तेव्हा विकू नका. कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, तिथेच राहू देत.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. २० दिवसांची. तेवढंच सांगते.

तुमची,
धाकटी