बाबा, इथे बॉयलर अजून चालू आहेत

मेलबर्न

ती. आई-बाबांना सा. न.

गेल्या शनिवारी आम्ही बॅलरॅटला जाऊन आलो. नातवाने फोनवर ‘मला सोनं सापडलं’ एवढंच ओरडून सांगितलं आणि पळाला, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बॅलरॅट इथून साधारण ११० किलोमीटर. १८५१ च्या ऑगस्टमध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. जुन्या खाणींच्याच जागेवर १९७० साली ‘सॉव्हरिन हिल’ हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं. तिथे अख्खं गावच उभं केलंय. तंबू, ओढा, बेकरी, चाकं बनवायचा कारखाना, घोडागाड्या, आणि त्या काळचे कपडे घालून खरोखर काम करणारी माणसं.

बाबा, आधी तुमच्या कामाचं सांगते. तिथे बॉयलर आहेत. खरे, चालू. साखर कारखान्यात तुम्ही बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळायचात, इथे लाकडाचे ओंडके टाकतात. त्या वाफेवर जुनी इंजिनं फिरतात आणि सोनं असलेला क्वार्ट्झचा (गारगोटीचा) दगड कुटायचं यंत्र चालतं. जड लोखंडी ठोकळे एकामागून एक दगडावर आदळत असतात, त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. असा दगड कुटून पिठासारखा करायचा आणि त्यातलं सोनं पाऱ्याने धरायचं, अशी तेव्हाची पद्धत.

फायरमनने भट्टीचं दार उघडलं तेव्हा धग थेट तोंडावर आली आणि मी दोन पावलं मागे सरले. तो मात्र जागचा हलला नाही. ओंडका आत सारला, दार लावलं आणि लगेच बॉयलरच्या काचेच्या नळीतल्या पाण्याकडे बघितलं, मग प्रेशरच्या गेजकडे. अगदी तुमची सवय. तुम्ही घरी जेवायला बसलात तरी मधेच मान वर करून भोंग्याचा कानोसा घ्यायचात. लहानपणी मला वाटायचं बाबा नुसते बसून लक्ष ठेवतात. ती धग सोसत तुम्ही सीझनचे सीझन काढलेत, हे मला त्या दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. ‘माझे वडील साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते’ असं मी त्याला सांगितलं, तर त्याने हातमोजा काढून माझ्याशी हात मिळवला आणि तुमच्याकडे किती प्रेशर ठेवायचे ते विचारलं. मला सांगता आलं नाही. तुम्ही पुढच्या फोनवर सांगा, मला लिहून ठेवायचंय.

आई, ओढ्यावर मात्र तुझी आठवण आली. पत्र्याच्या पसरट ताटात वाळू-माती घ्यायची, पाण्यात धरून गोल हलवायची आणि वरची वाळू हळूहळू वाहून जाऊ द्यायची. तू तांदूळ रोळायचीस तसंच, फक्त इथे तळाशी राहतं ते टाकायचं नसतं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, म्हणून ते बुडाशी बसतं. ओढ्यात ते लोक स्वतःच थोडं सोनं टाकून ठेवतात. तुझ्या नातवाला मोहरीहूनही बारीक कण मिळाला. तो बाटलीत पाणी घालून जपून ठेवलाय.

१८५८ मध्ये इथेच ‘वेलकम नगेट’ नावाचा सुमारे ६९ किलोचा गोळा सापडला, जमिनीखाली ५५ मीटरवर. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर ६,९०० तोळे! पण अशा नशिबाच्या गोष्टींत माझं मन फारसं रमलं नाही. बहुतेकांना पोटापुरतंही मिळत नव्हतं, आणि सोनं सापडो न सापडो, सरकारला महिन्याला ३० शिलिंग परवान्याचे भरावेच लागत. पोलीस खड्ड्याखड्ड्यापाशी जाऊन परवाना तपासत. शेवटी खाणवाल्यांनी परवाने जाळले, निळ्या झेंड्याखाली शपथ घेतली आणि युरेका नावाच्या जागी लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे शिपायांनी तो थोड्याच वेळात मोडून काढला, वीसहून जास्त माणसं मेली. पुढे तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला चालला, पण सगळे निर्दोष सुटले. त्यांचा पुढारी पीटर लॉलर याचा डावा हात त्या लढ्यात गेला, आणि तोच माणूस नंतर इथल्या विधानसभेचा अध्यक्ष झाला. परवानाही बदलला. वर्षाला एक पौंड भरायचा आणि त्याच कागदावर मताचा हक्क. बाबा, युनियनच्या गोष्टी तुम्ही ज्या आवाजात सांगता, त्याच आवाजात मी हे घरी येताना गाडीत पोराला सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ मी चिनी तंबूंपाशी होते. दक्षिण चीनमधून हजारो पुरुष आले, घरी पैसे पाठवायचे म्हणून. १८५५ मध्ये इथल्या, म्हणजे व्हिक्टोरिया प्रांताच्या सरकारने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. मग ते शेजारच्या प्रांतात रोब नावाच्या बंदरात उतरायचे आणि तिथून चारशे किलोमीटरच्या वर पायी चालत खाणींवर यायचे, खांद्यावर कावड घेऊन. मी या देशात उतरले तेव्हा पासपोर्ट बघितला आणि सोडलं. या माणसांना मात्र तेवढ्यासाठी केवढं चालावं लागलं! त्यांच्या घरच्यांना पत्र पोचायला किती महिने लागत असतील, या विचाराने मला तिथून निघवेना.

आता मुद्द्याचं. ‘आम्ही तिकडे येऊन काय बघायचं’ असं आई नेहमी म्हणते, तर हे बघायचं. जून-जुलैत येऊ नका, बॅलरॅटला तेव्हा थंडी हाडात शिरते. दिवाळी आटोपली की या. खाणीत उतरायला छोटी ट्रामगाडी आहे, आईच्या गुडघ्यांना बराच आराम पडेल. बाकी रस्ता चढाचा आहे, पण जागोजागी बसता येतं. बाबांना मी बॉयलरपाशी सोडून जाईन, त्यांना हवा तेवढा वेळ. व्हिसाचे फॉर्म मी इथून भरते. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाकडून या आठवड्यात पाठवा.

तुमची,
ताई