स्टेरॉइडचा डोस कागदावर मागतेय, साहेब

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मी सोलापूरची. युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईकाम करते. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिराला फ्लूचा न्यूमोनिया झाला. इथल्या एका खासगी दवाखान्यात सहा दिवस आयसीयूत होता. सिस्टरच्या ट्रेमध्ये मला ओळखीची कुपी दिसली, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची. "किती देताय? किती दिवस?" एवढंच विचारलं. "मावशी, तुम्ही डॉक्टर आहात का?" असं उत्तर मिळालं.

नाही साहेब, मी डॉक्टर नाही. पण त्या कुपीनं माझं घर मोडलंय.

एप्रिल 2021. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोरोना झाला. मास्कवर ऑक्सिजन होता, व्हेंटिलेटर नव्हता. शुगर जुनी. दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना हेच इंजेक्शन 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं नऊ दिवस दिलं. घरी सोडताना वर तीन आठवड्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. शुगर तपासत राहा, हे एका माणसानं सांगितलं नाही. मग गाल बधिर झाला, नाकातून काळं यायला लागलं. शेजारच्यांच्या मशीनवर शुगर बघितली, तर आकडाच येईना, नुसतं 'हाय'. म्युकर निघालं, म्हणजे काळी बुरशी. डावा डोळा काढला, वरचा अर्धा जबडा काढला. टाळूला प्लेट आहे; ती जरा सरकली की प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं. कडक भाकरी मोडून खाणारा माणूस. आता मी भाकरी आमटीत भिजवून बोटांनी कुस्करते, तेव्हा दोन घास जातात. शेंगाचटणी झोंबते म्हणून ताटात वाढतच नाही. गड्ड्याच्या यात्रेला त्यानंतर एकदाही गेले नाहीत, लहान पोरं तोंडाकडे बघून घाबरतात म्हणून.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिनं बिलं पुढ्यात घेऊन हिशेब मांडला. रोजचे 250 मिलिग्रॅम म्हणजे डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या 6 मिलिग्रॅमच्या ताकदीच्या जवळजवळ आठपट. हा 6 चा आकडा तेव्हा गुपित नव्हता. जून 2020 मध्येच कोरोनावरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून तो जगापुढे आला होता: रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरचे शंभरातले 41 दगावत होते, तिथे 29 दगावले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. केंद्र सरकारच्या उपचारसूचनांतही डेक्सामेथासोन त्याच महिन्यात आलं. म्हणजे मालक ॲडमिट झाले, त्याच्या दहा महिने आधी! पुढे त्याच चाचणीत व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णांना 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर मृत्यू वाढले. हे 2023 मध्ये छापून आलं. आम्हाला ते आधीच भोगून झालं होतं.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. चार पैशाच्या त्या औषधानं लाखो माणसं वाचली. पण तेच औषध शुगर चढवतं, प्रतिकारशक्ती पाडतं, आणि बुरशीला दोन्ही हवंच असतं. कोरोनानंसुद्धा शुगर वाढते, असं मला ऐकवलं जातं. वाढत असेल. मग तर दिवसातून चार वेळा तपासायला नको होती का? आणि फ्लू म्हणजे कोरोना नव्हे. फ्लूच्या गंभीर आजारात स्टेरॉइड सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये सुचवलंय. दिराला ते वेगळ्या कारणानं दिलं असेल, तर ते कारण आम्हाला सांगायला कुणाची जीभ झडत होती?

केस पेपर मागितल्यावर 72 तासांत द्यायचे, हा 2002 पासूनचा नियम आहे. दिराचे मागून महिना झाला. मालकांचे मी जुलै 2021 मध्ये लेखी मागितले होते. तेव्हा एका अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर फोन उचलून शब्द दिला होता, "ताई, एकेका इंजेक्शनचा हिशेब लावतो." या आठवड्यात उत्तर आलं: तीन वर्षं उलटली, कागद ठेवलेले नाहीत. मी मागितले तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, साहेब!

बिलात प्रत्येक कुपी मोजलेली असते, कारण तिचे पैसे घ्यायचे असतात. किती, का आणि कधी थांबवायचं, हे लिहिण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा, असा नियम राज्य सरकारनं 2021 मध्ये काढला. ती भिंत बघायला कोण येतं? धाराशिव, लातूर, कलबुर्गीहून माणसं जमीन गहाण टाकून सोलापुरात येतात, आयसीयूच्या काचेबाहेर चपला उशाला घेऊन झोपतात. त्यांनी प्रश्न विचारला की ते उद्धट ठरतात, आणि गप्प राहिले की सही करून मोकळे. कसली सही, हेही कुणाला कळत नाही.

स्टेरॉइड सुरू केलं त्या दिवसापासून नाव, मात्रा, कारण, थांबवायची तारीख आणि रोजची शुगर मराठीत लिहून नातेवाइकांच्या हातात द्यायची, एवढा एक आदेश काढा. तो पाळला की नाही, हे बघणारा माणूसही नेमा.

दिराच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. त्यात स्टेरॉइडच्या गोळीचं नाव आहे. किती दिवस, या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. त्याची शुगर मी घरीच बघतेय, काल रात्री जेवणानंतर 286 होती.

आपली,
सोलापूरची एक शिलाई कामगार