बाळाच्या हृदयात दोष निघाला म्हणून लवकर डिलिव्हरीची घाई नको

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

माझ्या भाचीची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी गंगापूर रोडला झाली. डॉक्टर बाई प्रोब एकाच जागी फिरवत बसल्या आणि बोलायच्याच थांबल्या, तिथेच आमच्या पोटात गोळा आला. मग फीटल इको झाली, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, आणि त्यात निघालं की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीये, टीजीए म्हणतात त्याला. शंभरात साधारण एका बाळाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे जे झालं त्यासाठी हे पत्र लिहितेय. घरात सगळ्यांचं एकच, बाळ आजारी आहे तर लवकर बाहेर काढा आणि उपचार सुरू करा. विहीणबाईंनी पंचवटीतल्या गुरुजींना विचारून सदतिसाव्या आठवड्यातला मुहूर्तही काढून आणला, त्यांचा जीव तुटत होता म्हणूनच, आणि इथल्या एका हॉस्पिटलनं ती सिझरची तारीख लगेच मान्यही केली, कोणी एका शब्दानं विचारलं नाही की एवढी घाई कशाला. भाची मात्र रात्री मला फोन करून म्हणाली, मावशी, ते आतच राहिलं तर हृदय अजून बिघडेल का गं?

मुंबईच्या बालहृदयरोग तज्ज्ञांनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. पोटात बाळाला ऑक्सिजन आईकडून नाळेतून मिळतो त्यामुळे या दोषात तिथे ते सहसा नीट वाढत असतं, खरा धोका नाळ कापल्यावर सुरू होतो. आणि शेवटच्या आठवड्यांची किंमत फार मोठी, पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशच असतं, त्यात अशा बाळांचा मेंदू आधीच थोडा मागे असतो, फुफ्फुसं कच्ची, वजन कमी, आणि त्याच जिवाला ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, घ्यायचं असतं. 2010 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी गंभीर हृदयदोषाच्या नवजात बाळांचा अभ्यास छापला, त्यात 37-38 आठवड्यांत जन्मलेल्यांपेक्षा 39-40 आठवड्यांत जन्मलेली बाळं जास्त सुखरूप राहिली होती. वाईट याचं वाटतं की आधी निदान झालं की तारीख ठरवता येते, आणि तारीख ठरवता येते म्हणून ती अलीकडे ओढली जाते, मग लवकर कळल्याचा फायदा आपणच घालवतो.

बाळाला सूज आली, ठोके बिघडले, वाढ थांबली किंवा आईचं बीपी चढलं तर थांबायचं नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. आणि चाळीसच्या फार पुढेही जायचं नाही.

अडतिसावा लागल्यावर आम्ही मुंबईत खोली भाड्यानं घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाची रोज एक फुली मारायची. कसाऱ्याचा घाट बाळानं आईच्या पोटात बसून पार केला, ॲम्ब्युलन्समध्ये नाही, याचं मोल मला नंतर कळलं. 39 आठवडे 2 दिवस, साधी डिलिव्हरी, दोन किलो नऊशे. ओठ आणि नखं जांभळी, पण रडला खणखणीत. लगेच प्रोस्टाग्लॅंडिनची ड्रिप लावली, जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी तिनं उघडी राहते, मग बलून घालून हृदयातलं छिद्र मोठं केलं आणि आठव्या दिवशी ऑपरेशन. शेजारच्या कॉटवर आपल्याच जिल्ह्यातलं छत्तीस आठवड्यांचं बाळ होतं, त्याला ऑपरेशनसाठी वजन भरायची वाट बघावी लागत होती, त्याची आई काचेला हात लावून उभी असायची.

जिल्ह्यातल्या सोनोग्राफी सेंटरांना आणि स्त्रीरोग तज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती, असा रिपोर्ट हातात देताना तारीख ठरवण्याआधी एकदा बालहृदयरोग तज्ज्ञाशी बोलून घ्या, आणि डिलिव्हरी कुठे करायची ते तेव्हाच सांगा. सुरगाणा-पेठच्या बाईला मुंबईत पंधरा दिवस राहायचं कसं याचा विचार शासनानं करावा, औषधपाण्यासाठी योजना आहेत पण खोलीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यात कुठे बसते? तुमच्या आरोग्य पुरवणीत इथल्या डॉक्टरांकडून यावर मराठीत सविस्तर लिहून घ्याल का? आम्ही तेव्हा रात्र रात्र मोबाईलवर शोधत होतो आणि सापडायचं ते सगळं इंग्रजीत.

आपली,
एक मावशी, इंदिरानगर, नाशिक