म्हापशाच्या ड्रेपरीवाल्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेलं चेपें, म्हणजे आमची जुनी हॅट, घेऊन घरी आले त्याला आज आठ दिवस झाले. तुमच्यासमोर मला धड दोन शब्द बोलता आले नाहीत. पिशवी उचलली आणि कदंबाच्या बसमध्ये येऊन बसले. तेव्हा घशात अडकलं होतं ते आज लिहितेय.

ती राखाडी फेल्ट हॅट मूळची माझ्या आजोबांची. पोर्तुगीज अमदानीत ते पणजीला कारकून होते. १९६१ नंतर हॅट घालून कचेरीत जायचे दिवस सरले आणि ती बाबांकडे आली. बाबांनी ती जत्रेच्या नाटकांत घातली. वकील, इन्स्पेक्टर, मुंबईहून आलेला मामा, भूमिका कुठलीही असो, डोक्यावर तीच. वाड्यावर दुसऱ्या कुणाचं नाटक असलं तरी चेपें मागायला माणूस आमच्याच दारात यायचा.

बाबा वैशाखात गेले. श्रावणात माळा साफ करताना ट्रंकेत, गाद्यांखाली ती सापडली. माथा पार बसलेला, काठ एका बाजूने मोडलेला, वर बुरशीचे पांढरे ठिपके. आई काही बोलली नाही, नुसती पदराने पुसत राहिली.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन दुकानं फिरले. एकाने दोन दिवस ठेवून घेतली आणि काठावर कडक इस्त्री दाबली. तेवढा भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागला. हे काय केलंत म्हणून विचारलं तर म्हणे, "जुना माल, असंच व्हायचं." दुसऱ्याने हातही लावला नाही. "कार्निव्हलला दोनशे रुपयांत नवी मिळते, टाकून द्या," असं हसत हसत सांगितलं. काम येत नसेल तर येत नाही म्हणावं. त्यात कमीपणा कसला? पण कुणी आपल्या गेलेल्या माणसाची वस्तू घेऊन दारात उभं असताना हसू नये. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत, काठाला धरून. माथ्याला चिमटीत धरून उचलत राहिलं की तिथेच ती चिरते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे आजवर तशीच उचलत आलो होतो. वाफेने तंतू सैल झाले की ती हाताचं ऐकते आणि थंड होताना दिलेला आकार धरते, हेही तुम्ही लहान मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलंत. आणि काम हातात घेण्याआधीच स्पष्ट बोललात, "आकार येतलो. पूण ही चकाकी पुराय वचची ना." चकाकी पूर्ण जाईल अशी खोटी आशा दाखवली नाहीत, तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

पण काका, हे पत्र त्या कागदासाठी आहे.

आतली चामड्याची पट्टी वाफेने आकसू नये म्हणून तुम्ही ती बाहेर उलटलीत आणि मागून घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा खाली पडला. पिवळा पडलेला, कपाळाच्या घामाने एका कडेला काळवंडलेला. मी कचरा समजून उचलायला वाकले. तुम्ही हात आडवा धरून मला थांबवलंत.

"राव. हें तांचें माप."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजोबांचं डोकं मोठं, बाबांचं लहान. हॅट डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाबांनी कागदाच्या चार घड्या करून आत सरकवल्या असणार. इतकी वर्षं त्यांना त्या टोपीत बघितलं, पण हे मला ठाऊक नव्हतं. बहुधा आईलाही नव्हतं.

चार दिवसांनी परत आले, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पंख्याखाली ती तयार होती. माथा उभा, काठ पुढून किंचित खाली. मी पट्टीच्या आत बोट घालून बघितलं. कागद होता त्याच जागी, त्याच घडीवर. तुमच्या टेबलावर स्पंजच्या नव्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यातली एक घातली असतीत तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुम्ही तो फाटका तुकडा वहीत दाबून वाळवलात आणि परत ठेवलात.

वर दीडशे रुपये मागितलेत. मी पाचशेची नोट पुढे केली आणि राहू द्या म्हटलं, तर साडेतीनशे मोजून माझ्या हातावर ठेवलेत. दुसऱ्याच्या दुःखाला अदबीने हात लावणं आणि आपल्या कामाचे तेवढेच पैसे घेणं, अशी माणसं माझ्या बाबांच्या पिढीत पुष्कळ होती असं ते सांगायचे. मला एक भेटलं.

घरी आईने ती काठाला धरूनच पिशवीतून काढली, मी सांगितलं होतं तशी. खिडकीशी जाऊन चामड्याची पट्टी हळूच उलटली आणि कागदावरची घामाची कड अंगठ्याने चाचपली. मग पट्टी नीट बसवून बाबांच्या फोटोखाली ठेवून दिली.

तुमची,
म्हार्दोळची एक लेक