ताई, तुझा राजपुत्र आणि माझी सावत्र आई

प्रिय ताई,

दोन आठवड्यांपूर्वी फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं, तुझी झोपायची वेळ आणि माझी ऑफिसला निघायची, आणि नेमकं निघताना तू विचारलंस की जुन्या कार्टून पिक्चरमधलं कुठलं पात्र तुला अजिबात सहन होत नाही, पण व्हिलन सोडून सांग, व्हिलनचा राग तर सगळ्यांनाच येतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. गेल्या दोन वीकेंडला बसून बरेचसे परत बघितले, आणि आता मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्रच लिहायला घेतलंय.

तुझं उत्तर मला पाठ आहे, स्नो व्हाइटचा राजपुत्र. सुरुवातीला येतो, गाणं म्हणतो, गायब होतो, आणि सगळं संपल्यावर घोडा घेऊन हजर. अगं पण त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो पिक्चर 1937 चा, आणि तेव्हा चित्रकारांना खरा वाटेल असा पुरुष हलताचालता काढणं फार अवघड जात होतं, म्हणून त्याचं कामच कमी करून टाकलं. बुटके काढायला सोपे होते असं नाही, पण बुटक्याचं नाक मोठं झालं, चाल वाकडी झाली तरी चालतं, राजपुत्राचं तसं चालत नाही. त्यामुळे तो जेमतेम आहे आणि मला त्याचा राग येतच नाही. राग यायला समोर माणूस तर हवा ना.

तुझी अट मी थोडी मोडणार आहे. मला सगळ्यात जास्त राग येतो तो सिंड्रेलाच्या सावत्र आईचा, आणि ती व्हिलनच आहे हे मान्य, पण ती बाकीच्या व्हिलनसारखी नाहीये. तिच्याकडे जादू नाही, विषारी सफरचंद नाही, ती ड्रॅगन होत नाही. तिच्याकडे फक्त घराच्या किल्ल्या आहेत आणि एक शांत आवाज. पिक्चर 1950 चा. तो ड्रेसचा सीन तू परत एकदा नीट बघ, मी चार वेळा मागे नेऊन बघितला. सिंड्रेला आईचा जुना ड्रेस नीट करून घालते, म्हणजे उंदीर आणि पाखरं मिळून नीट करतात, सावत्र बहिणींनी टाकून दिलेली माळ आणि कमरेची फीत लावून, आणि ती जिन्यावरून खाली येते. बहिणी लगेच आरडाओरडा करतात की हिला राजवाड्यातल्या नाचाला न्यायचं नाही. आणि सावत्र आई काय करते, तर त्यांनाच गप्प करते. म्हणते आपलं ठरलं होतं, आणि मी दिलेला शब्द मोडत नाही. मग सिंड्रेलाच्या जवळ येते, निवांत निरखते, आणि गळ्यातले मणी हलकेच दाखवून म्हणते, किती शोभतात ना हे, आणि मुलीकडे बघते. बस्स एवढंच. पुढचं काम मुली करतात, माझी माळ, माझी फीत, म्हणत ड्रेसच्या चिंध्या. ती बाजूला उभी. आणि पुरेसं फाडून झालं की म्हणते, पुरे आता, चला, उशीर होतोय. जाताना गुड नाइटसुद्धा म्हणते!

शब्द मोडला नाही, हात लावला नाही, आवाज चढवला नाही. ताई, मला हे बघवत नाही. चेटकीण आली की निदान ढग गडगडतात, सगळ्यांना कळतं की काहीतरी वाईट होतंय. इथे काहीच गडगडत नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर ती सांगू शकते की मी कुठे काय केलं, मी तर मणी छान आहेत म्हणाले. शेवटीसुद्धा तसंच, सिंड्रेला आपल्या नादात त्या नाचाच्या वेळचं गाणं गुणगुणते तेव्हाच हिला सगळा प्रकार कळतो, गुपचूप मागून जिना चढते, बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली खिशात टाकते. काचेचा बूट घेऊन माणूस येतो त्याच्या पायात काठी घालते. आणि शिक्षा काय, तर काहीच नाही. सिंड्रेलाने दुसरा बूट काढल्यावर तिचा चेहरा उतरतो तेवढीच शिक्षा.

तिचा आवाज एलेनॉर ऑडली नावाच्या नटीचा, आणि 1959 च्या स्लीपिंग ब्युटीमधल्या मॅलेफिसंटचा आवाजही तिचाच. मॅलेफिसंट शिंगं घालून, हिरव्या आगीतून येते, तरी मला तिची एवढी भीती वाटत नाही. एकच बाई, एकच गळा, पण जादू काढून घेतली की जास्त झोंबतं.

आवाजावरून आठवलं, तुला धक्का बसेल. डंबो या हत्तीच्या पिल्लाच्या पिक्चरमधल्या त्या हत्तिणी आठवतात? त्यांची म्होरकी, ती जाडी, सगळ्यात जास्त नाक मुरडणारी, तिचा आवाज व्हर्ना फेल्टनचा. आणि सिंड्रेलाची परी, जी भोपळ्याची गाडी करते, तिचा आवाजही तिचाच! आणि अजून पुढे ऐक, डंबोच्या आईचाही तिचाच. डंबोची आई अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाच बोलते, बाळाचं नाव सांगते, जंबो ज्युनियर. डंबो हे नाव आईने ठेवलेलंच नाही, ते त्या हत्तिणींनी चिडवायला काढलेलं, आणि पुढे सगळं जग त्याला त्याच नावाने ओळखतं, पिक्चरचं नावसुद्धा तेच. हे मला या वेळी बघताना लक्षात आलं आणि पिक्चर थांबवून जरा वेळ तसाच बसलो.

पिक्चर 1941 चा, जेमतेम 64 मिनिटांचा, आणि त्या हत्तिणींना त्यातली थोडीच मिनिटं मिळालीयेत पण तेवढी पुरतात. बाळ येतं तेव्हा किती गोड किती गोड चाललेलं, मग ते शिंकतं, मोठाले कान उलगडतात, आणि सगळ्यांचा सूर बदलतो. पुढे पोराची छेड काढणाऱ्या मुलाला आई बडवते म्हणून तिला वेडी ठरवून कोंडतात, आणि ते एकटं पिल्लू या बायकांकडे यायला लागतं तर म्होरकी म्हणते, दिसलाच नाही असं करा. आणि सगळ्या पाठी फिरवतात. नुसत्या पाठींची भिंत, आणि हा मागे उभा. सर्कशीचा मालक, ते विदूषक, त्यांना निदान पोटापाण्याचं कारण आहे, यांना कसलं कारण? आपल्याच जातीचं पोर, आणि त्याची आई तर कालपर्यंत यांच्याच शेजारी उभी होती. शेवटी तो उडताना त्यांच्यावर शेंगदाणे मारतो तेव्हा मला अजूनही फार बरं वाटतं.

लेडी अँड द ट्रॅम्पमधली आंट सारा पण तुझ्या लिस्टमध्ये असणार, कुत्रीला तोंडाला जाळी घालायला नेणारी. तिच्यावर मी एवढा चिडत नाही. तिला खरंच काही माहीत नव्हतं, बाळाच्या खोलीत शिरलेला उंदीर तिने बघितलाच नव्हता, आणि शेवटी कुत्र्यांसाठी बिस्किटांचा डबा पाठवते. चूक कळल्यावर काहीतरी केलं तिने. (आवाज परत व्हर्ना फेल्टनचाच, मी काही तिच्या मागे लागलो नाहीये, पण निघतंच तिचं नाव!) आणि टॉय स्टोरीतल्या, खेळणी मोडणाऱ्या सिडवर तुझा छोटू चिडतो ना, त्याला सांग की खेळणी जिवंत आहेत हे सिडला माहीतच नव्हतं, कळल्यावर तो किंचाळत पळाला.

एक पात्र मात्र असं आहे की त्याबद्दल माझं मत पक्कं होत नाही. ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइजमधली काकू. इसाओ ताकाहाताचा 1988 चा पिक्चर, युद्धातलं जपान, आई बॉम्बहल्ल्यात गेलेली, भाऊ आणि छोटी बहीण या काकूकडे. ती त्यांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला लावते, आणि मग त्यातलाच भात वाढताना हात आखडता घेते, म्हणते जे कामावर जातात त्यांनाच पोटभर. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तिला शिव्या घातल्या होत्या. या वेळी बघताना वाटलं की धान्य खरंच संपत चाललेलं, घरातली माणसं राबतायत, आणि ती सारखी सारखी तेच बोलतेय कारण ती पण घाबरलीय. तरीसुद्धा, दोन पोरं सामान घेऊन दारातून निघतात आणि ती थांबवत नाही, तिथे मी तिला माफ करू शकत नाही. तू बघितला नसशील तर दुपारी बघ, रात्री नको.

आणि आता तो, ज्याच्यामुळे हे पत्र लिहितोय. पिनोकिओमधला गाडीवाला. 1940. लालबुंद चेहऱ्याचा, हसरा, आजोबांसारखा. पोरांना मजेच्या बेटावर नेतो, वाट्टेल ते खा, फोडा, तोडा, आणि त्यांची गाढवं होतात. ज्यांचा आवाज पूर्ण गेला ती खोक्यात, मिठाच्या खाणीत नाहीतर सर्कशीत विकायला. तिथे एक छोटं गाढव आहे, अंगावर अजून कपडे. तो विचारतो नाव काय, ते म्हणतं अलेक्झांडर, आणि म्हणतं मला आईकडे जायचंय. गाडीवाला त्याला बाजूला फेकतो, याला अजून बोलता येतंय म्हणून. फक्त तेवढं ऐकायला नाव विचारलेलं.

पुढे पिनोकिओ सुटतो, देवमाशाच्या पोटातून बाप सापडतो, लाकडाचा मुलगा खरा मुलगा होतो, सगळे नाचतात. त्या गाडीवाल्याला मात्र कोणी पकडत नाही, तो परत दिसतच नाही. आणि ती बाकीची पोरं, तो पिनोकिओचा बेटावरचा दोस्त लॅम्पविक, तो अलेक्झांडर, त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

छोटूला तू या सुट्टीत पिनोकिओ दाखवणार म्हणालीस, तर त्या सीनला त्याच्या शेजारीच बस. तो नक्की विचारणार, मामाच्याच वळणावर गेलाय, की मग त्या मुलांना घरी कोणी नेलं. मी दोन आठवडे विचार करतोय, मला उत्तर सुचलेलं नाही. तुला सुचलं तर मला पण कळव, आणि त्याने काय विचारलं ते शब्द न बदलता लिही.

आईबाबांना नमस्कार. रविवारी फोन करतो.

तुझा,
धाकटा